स्लायगोची भाकर, नगरची छावणी

खडकीच्या युद्ध दफनभूमीत सकाळी सातला माळी हिरवळीवर पाण्याचा पाइप फिरवत होता. मला कबरी पाहायच्या नव्हत्या, नावं पाहायची होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातल्या लहानमोठ्या छावण्यांत मेलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावं इथे कोरली आहेत. ज्या गावी त्यांना पुरलं तिथल्या कबरी कायम राखणं शक्य नव्हतं, म्हणून ती नावं इथे एकत्र आणली. नावांवरून बोट फिरवताना आयरिश आडनावं ओळखू येतात: मर्फी, केली, ओ'ब्रायन. यातल्या बहुतेकांना लढाईतली गोळी लागलेली नव्हती, ताप आणि पटकी पुरेशी होती.

मी मात्र निघालो होतो एका जगलेल्या कुटुंबाच्या मागावर. लिओ अल्फोन्सो मिलिगन हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगो गावचा, ब्रिटिश तोफखान्यातला शिपाई. त्याची बायको फ्लॉरेन्स केटलबँड. तिचे वडील याच खडकी-पुण्याच्या तोफखान्यात ट्रंपेट वाजवणारे. या जोडप्याला १६ एप्रिल १९१८ रोजी नगरला पहिला मुलगा झाला. नाव ठेवलं टेरेन्स अ‍ॅलन. पुढे साऱ्या इंग्रजी मुलखाने त्याला स्पाइक मिलिगन म्हणून ओळखलं. रेडिओवरचा विनोद ज्याने मुळापासून बदलला, मुलांसाठी ज्याने निरर्थक शब्दांच्या खेळकर कविता लिहिल्या, तो हा माणूस. जन्मगाव विचारलं की त्याच्या चरित्राच्या पहिल्याच ओळीत येतं: अहमदनगर.

वाकडेवाडीहून नगरची एसटी पकडली. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव. जानेवारीचा महिना, गळीत ऐन भरात. रांजणगावच्या पुढे रस्ता अडला तो उसाच्या ट्रॉल्यांनी. दोन दोन ट्रॉल्या मागे जोडलेला ट्रॅक्टर, वर मोळ्यांचा डोंगर, आणि त्या डोंगरावर एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसलेली. शेजारी बसलेले काका पाथर्डीचे निघाले. "आमच्याकडचेच असतील," ते म्हणाले. "दिवाळी झाली की निम्मं गाव रिकामं होतं. मुकादमाची उचल घेतलेली असती ना, मग जावंच लागतंय."

उचल, म्हणजे मुकादमाने हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, हा शब्द तेव्हा माझ्या डोक्यात अडकला आणि मग प्रवासभर सुटला नाही. कारण मिलिगन घराण्यासारख्या हजारो आयरिश घरांची गोष्ट उचलीनेच सुरू होते. भरती करणारा सार्जंट गावच्या दारूच्या गुत्त्यात यायचा आणि तरुणाच्या हातावर एक शिलिंग ठेवायचा. राजाचा शिलिंग. तो घेतला की करार झाला, पाय मागे घेता येत नव्हता. १८३०च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातले शंभरातले चाळीसहून अधिक शिपाई आयरिश होते. कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणींत तर जवळजवळ निम्मे. इंग्रजी राज्यावर त्यांचं फार प्रेम होतं असं नाही. घरची जमीन जमीनदाराची होती आणि पोट बटाट्यावर होतं, एवढंच. १८४५ला बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि साथींनी मेली, आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. स्लायगो हे बंदराचं गाव. त्या धक्क्यावरून माणसांनी भरलेली जहाजं अमेरिकेकडे आणि कॅनडाकडे सुटत. ज्यांना जहाजाचं भाडं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी लष्कर होतं. तिथे भाडं सरकार भरत असे.

मिलिगन घराचा स्लायगोतला पत्ता होता होलबर्न स्ट्रीट, आज तिथे स्मृतिफलक आहे. लिओ पुढे तोफखान्यात शिरला आणि आपल्या दख्खनच्या पठारावर येऊन थांबला.

घोडनदीचा पूल ओलांडण्याआधी शिरूरला उतरायचा मोह झाला. इथे कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची १८०९मधली समाधी आहे. गावकरी त्याला सत्पुरुष म्हणून मानत आले, नैवेद्य दाखवत आले, हे जुन्या गॅझेटियरात नोंदलेलं आहे. दुसऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला मेल्यावर आपलंसं करणं आपल्या लोकांना जमतं. पण पुढची गाडी लवकर मिळणार नाही म्हणून उतरलो नाही, आणि त्याची हळहळ अजून वाटते.

सुपे, केडगाव, आणि मग माळीवाडा स्थानक. रिक्षावाल्या दादांना म्हणालो, "किल्ला, मग भिंगार छावणी." कशाला जायचंय हे त्यांनी विचारलं आणि मी मिलिगनचं नाव घेतलं. "कोण मिलिगन? लष्करातला का?" म्हटलं, बाप लष्करातला, मुलगा रेडिओवरचा नट, इथे जन्मलेला. दादांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "इथं जन्मला? मग नगरकरच की ओ." तेवढ्या एका वाक्याने त्यांनी जे करून टाकलं ते पुढे ब्रिटिश सरकारला जमलं नाही. ती गोष्ट पुढे येते.

अहमद निजामशहाने भिंगारजवळ बहमनी फौज हरवली ती १४९०मध्ये, आणि त्या जागी हे शहर वसवलं. आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं आहे, पण रिक्षात, एसटीत आणि हॉटेलात अजून नगरच. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. दारावर नाव लिहून, ओळखपत्र दाखवून आत जावं लागतं. लंबगोल तट, भोवती रुंद खंदक. बहुतेक माणसं इथे येतात ती नेत्यांच्या कोठड्या पाहायला. ऑगस्ट १९४२ ते १९४५ नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव असे काँग्रेसचे बारा पुढारी इथे स्थानबद्ध होते. 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नेहरूंनी १९४४मध्ये इथेच लिहिलं. विद्यार्थी असताना, १९०७मध्ये, नेहरू डब्लिनला जाऊन आले होते आणि तिथल्या शिन फेन या राष्ट्रवादी चळवळीने त्यांचं लक्ष वेधून घेतलं होतं. त्या खोलीसमोर उभं राहिल्यावर मला ते आठवलं.

आयर्लंडचा नगरशी पहिला मोठा संबंध मात्र याच किल्ल्याबाहेर आला, आणि तो तोफेचा होता. ऑगस्ट १८०३. किल्ला दौलतराव शिंद्यांचा. चालून आलेला सेनापती आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, जन्म डब्लिनचा, साल १७६९. ८ ऑगस्टला शिड्या लावून त्याने शहर घेतलं, १२ला किल्ला हाती आला. पेशव्यांच्या बाजूने त्याच्या बरोबर असलेल्या गोखले सरदारांनी पुण्याला कळवलं ते सांगोवांगी आजही उरलं आहे: हे इंग्रज अजब लोक, सकाळी आले, तट पाहिला, चढले, आतल्यांना कापलं आणि न्याहारीला परत गेले. वेलस्ली ज्या चिंचेखाली जेवला असं सांगतात, तिथे चार तोफा उभ्या रोवून खूण केलेली आहे.

वेलस्ली आणि मिलिगन यांना एका दमात आयरिश म्हणणं मला पटत नाही. वेलस्ली जमीनदार घरचा, प्रॉटेस्टंट, राज्यकर्त्यांच्या जातीचा. मिलिगन कॅथलिक. कॅथलिक माणसाला ब्रिटिश पार्लमेंटात बसायचा हक्कसुद्धा १८२९पर्यंत नव्हता. तो देणारा कायदा वेलस्ली पंतप्रधान असतानाच झाला, हे त्याच्या खात्यावर प्रामाणिकपणे जमा धरायला हवं. पण एकाने मुलूख जिंकला आणि दुसरा त्या जिंकलेल्या मुलखात पगारावर पहारा करायला आला. आयर्लंडचे हे दोन चेहरे नगरमध्ये शे-सव्वाशे वर्षांच्या अंतराने येऊन गेले.

भिंगार छावणीत शिरलं की शहराचा आवाज मागे राहतो. रुंद सरळ रस्ते, कडुनिंब, चुन्याने रंगवलेले बुंधे, लांब ओसरीच्या बराकी. १९४८पासून इथे चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशिक्षणशाळा आहे. १९९४मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात शाळेच्या सहली आलेल्या होत्या. मुलं गाड्यांवरून हात फिरवत होती, गुरुजी ओरडत होते. १९१८मध्ये इथे काय होतं याची कल्पना करायला हे सगळं बाजूला सारावं लागतं. तेव्हा नगर हे युद्धकैद्यांचं गाव होतं. हिंदुस्थानभर नोकरीधंद्याला असलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन, व्यापारी, मिशनरी, खलाशी, यांना धरून इथल्या तळावर तारांच्या आड ठेवलं होतं.

त्या वर्षीचा एप्रिल. नगरचा उन्हाळा जो भोगतो त्यालाच कळतो. डोंगर उघडे, सीनेचं पात्र कोरडं. दोन महिन्यांनी मुंबईच्या बंदरातून इन्फ्लुएन्झा देशात शिरला, पाठोपाठ पाऊस गेला, आणि १९१८चं ते साल दख्खनच्या खेड्यांनी मानमोडीचं साल म्हणून लक्षात ठेवलं. छावणीतल्या बाळाला मच्छरदाणी होती, उकळलेलं पाणी होतं, सांभाळायला आया होती. तारेपलीकडच्या भिंगारमधल्या बाळाला यातलं काही नव्हतं. मिलिगन मंडळी आयर्लंडमध्ये गरीब होती, इथे आल्यावर साहेब झाली. गोऱ्या शिपायाची ही साहेबी वर्दीपुरती होती, पगार संपला की संपणारी, पण तेवढ्या काळापुरती ती खरी होती आणि तिचा भार आपल्या माणसांच्या खांद्यावर होता. हे लिहिल्याशिवाय मला या कुटुंबाबद्दल आपुलकीने लिहिता येणार नाही.

छावणीतल्या माझ्या वाटाड्या सरांनी, हे निवृत्त इतिहास शिक्षक, एक प्रश्न विचारला. "आयरिश लोकांना लाज वाटत नव्हती का हो? घरी इंग्रज नको म्हणायचं आणि इथं इंग्रजांची बंदूक धरायची." काहींना वाटली. जून १९२०मध्ये जालंधरला कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीतल्या शिपायांनी शस्त्रं खाली ठेवली. आपल्या देशात ब्रिटिश फौज जुलूम करते आहे, आम्ही चाकरी करणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बंड सोलनच्या तळावर पसरलं. त्यातल्या जेम्स डेली या वीस वर्षांच्या शिपायाला २ नोव्हेंबर १९२०ला डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वीस म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा पोरगा." लिओ मिलिगन मात्र चाकरीतच राहिला. बायको होती, दोन वर्षांचा मुलगा होता. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

लिओला चाकरीपेक्षा रंगमंच प्यारा होता. शिपायांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत तो गायचा, नाचायचा, लिओ गॅन हे नाव घेऊन उभा राहायचा. फ्लॉरेन्सच्या बोटांत सूर होता, घरात पेटी-पियानोची साथ होती. स्पाइकला पुढे जो धंदा लाभला त्याची तालीम अशी घरातच सुरू होती. कुटुंब नगरहून पुण्याला आलं. मुलगा पुण्याच्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी शाळेत गेला. पुण्यात आयरिश कॅथलिक शिपायांची वस्ती एवढी मोठी होती की १८५०च्या सुमारास त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या चर्चला आयर्लंडच्या संताचं, सेंट पॅट्रिकचं नाव मिळालं. मग बदली रंगूनला. तिथे सेंट पॉल शाळा, तिथेच १९२५मध्ये धाकटा भाऊ डेस्मंड जन्मला. त्या घरात कोणाचाच जन्म कोणाच्या गावी नाही. बाप स्लायगोचा, थोरला नगरचा, धाकटा रंगूनचा.

आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणसं मोजायची नाहीत, हत्यार मोजायचं. कोयत्याच्या पोटी येणारं मूल कारखान्याच्या आवारातल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, नाहीतर फडाच्या बांधावर जन्मतं. ज्या गावी जन्मलं ते गाव त्याचं नसतं. लिओचीही मोजणी तोफेबरोबरच होत होती. बॅटरी जिथे, बाळंतपण तिथे. नगरवर मिलिगनचा हक्क किती, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर आहे: कोपीत जन्मलेल्या पोराचा त्या कारखान्याच्या गावावर असतो तेवढा. म्हणजे कागदावर काही नाही, आणि तरी पहिला श्वास तिथलाच.

तिशीच्या दशकाच्या आरंभी सरकारने लष्करी खर्चाला कात्री लावली. लिओची नोकरी गेली. कुटुंब रंगूनहून बोटीने इंग्लंडला पोचलं. ज्या देशाची वर्दी बापाने घातली त्या देशात मुलगा असा येऊन पोचला. आया नाही, ओसरी नाही, ऊन नाही. आग्नेय लंडनमधल्या भाड्याच्या खोल्या. बापाने असोसिएटेड प्रेसच्या फोटो विभागात काम धरलं. मुलाने कारकुनी केली, मजुरी केली, संध्याकाळी बँडमध्ये ट्रंपेट वाजवलं. आजोबांचं वाद्य नातवाच्या हातात आलं ते असं. १९४०मध्ये त्यालाही सैन्याचं बोलावणं आलं, आणि दल कोणतं, तर तोफखाना. उत्तर आफ्रिका, मग इटली. जानेवारी १९४४मध्ये मॉन्ते कॅसिनोच्या आघाडीवर तोफगोळ्याने तो जखमी झाला. शरीर बरं झालं, मन पुरतं सावरलं नाही. उन्माद आणि नैराश्य यांचा आजार त्याला जन्मभर पुरला, आणि त्याबद्दल तो उघडपणे बोलत राहिला. त्या काळात हे फार थोड्यांनी केलं.

१९५१ ते १९६० बीबीसी रेडिओवर चाललेला 'द गून शो' हे त्याचं मुख्य काम. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम यांच्या साथीने. बहुतेक संहिता स्पाइकने लिहिल्या, दर आठवड्याला एक, रात्र रात्र जागून. त्यात लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन पात्रं येतात, छावणीच्या बाजारात ऐकलेल्या इंग्रजी बोलीत बोलणारी. त्या आवाजात मला पुण्याचा कॅम्प ऐकू येतो. १९६९मधली 'करी अँड चिप्स' ही दूरदर्शन मालिका मात्र मला सोसत नाही. तोंडाला काळा रंग लावून त्याने अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश माणूस केला. सहा भागांत ती बंद झाली ते योग्यच झालं. ज्या मुलाचं बालपण आयांच्या कडेवर गेलं त्याने रंग फासायला नको होता.

आणि पासपोर्टची गोष्ट. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनने वसाहतींतल्या लोकांसाठी दारं आवळायला घेतली. जन्म हिंदुस्थानातला आणि बाप आयर्लंडचा, म्हणून मिलिगनचा ब्रिटिश नागरिकत्वाचा आपसूक हक्क नाकारला गेला. याच राज्याच्या सैन्यात तो जखमी झाला होता. राजनिष्ठेची शपथ घे, मग पाहू, असं सांगितल्यावर त्याने नकार दिला आणि १९६२मध्ये बापाच्या जन्मगावाच्या जोरावर आयरिश नागरिकत्व घेतलं. पोटासाठी सोडलेलं स्लायगो असं मुलाच्या कामी आलं. २००१मध्ये त्याला ब्रिटिश सरदारकी मिळाली तीही मानद, कारण कागदावर तो परदेशी.

आईवडील तोवर तिसऱ्या खंडात गेले होते, ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या उत्तरेला वॉय वॉय नावाच्या खाडीकाठच्या गावी. धाकटा डेस्मंडही तिकडेच गेला आणि चित्रकलेवर जगला. आईला भेटायला स्पाइक वॉय वॉयला जात असे. तिथल्या एका पुलाला आता त्याचं नाव आहे. लंडनच्या फिंचलीत बाकावर बसलेला त्याचा पुतळा आहे. स्लायगोत फलक आहे. नगरमध्ये मी दिवसभर हिंडलो, मला त्याच्या नावाची एक पाटी दिसली नाही. सर म्हणाले, "लावू की. पण कुठं लावायची?" खरोखरच, घर कुठे होतं त्यांचं? ते तर सरकारी बिऱ्हाड, बदली झाली की दुसऱ्याचं.

दुपारी दौंड रस्त्याने अरणगावला गेलो. मेहेरबाबा या आध्यात्मिक गुरूंचं मेहेराबाद इथे आहे. पहिल्या महायुद्धात इथे लष्करी तळ होता, युद्ध संपल्यावर ओस पडला. टेकडीवरची लष्कराची पाण्याची टाकी पुढे भिंती-खिडक्या करून राहण्याच्या खोल्यांत बदलली. भक्त येतात, पायरीला हात लावतात. मिलिगनच्या काळातली लष्कराने बांधलेली एक वास्तू मला हाताने शिवायला मिळाली ती ही. दगड तापलेला होता. खाली दौंड-मनमाड लोहमार्गावरून मालगाडी चालली होती. १८७६-७८च्या दुष्काळात भुकेल्या माणसांनी दुष्काळी कामावर खडी फोडून हा मार्ग घातला.

सरांना जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती ऐकून ते मोठ्याने हसले. आणखी एक लिओ आहे. मालवणजवळच्या वराड गावचे अशोक वराडकर डॉक्टरकी करायला तिकडे गेले, आयरिश परिचारिकेशी लग्न केलं. त्यांचा मुलगा लिओ १९७९मध्ये डब्लिनला जन्मला आणि २०१७मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. डिसेंबर २०१९मध्ये तो वराडला आला तेव्हा गाव वेशीवर लोटलं होतं. "म्हणजे त्यांचा लिओ इकडं, आपला लिओ तिकडं," सर म्हणाले. "फरक एवढाच, की आपल्या लिओला त्यांनी खुर्ची दिली."

स्पाइक मिलिगन २७ फेब्रुवारी २००२ला वारला. शवपेटीवर आयर्लंडचा तिरंगा होता. दक्षिण इंग्लंडमधल्या विंचेल्सीच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. मी आजारी आहे हे तुम्हाला सांगितलं होतं ना, अशा अर्थाचं वाक्य त्याला थडग्यावर हवं होतं. चर्चच्या अधिकाऱ्यांनी इंग्रजीत ते कोरू दिलं नाही. शेवटी तोडगा निघाला आणि ते आयरिश भाषेत कोरलं गेलं. त्या गावात ते वाचू शकणारं कोणी क्वचितच असेल.

परतीची गाडी पाथर्डीहून आलेली, खच्चून भरलेली. माझ्या शेजारी एक तरुण बाई, मांडीवर बाळ, पायाशी गाठोडं आणि फडक्यात गुंडाळलेला कोयता. सासूच्या दहाव्याला गावी आली होती, आता परत तोडीवर. बाळाने माझ्या चष्म्याला हात घातला. मी विचारलं, "कुठला गं बाई हा?"

"गाव पाथर्डीच की. पण झाला तिकडंच, नदीच्या काठाला, कोपीत."

"जन्माचा दाखला काढला का?"

तिने बाळाचा हात माझ्या चष्म्यावरून सोडवला. "कुठल्या गावचा काढायचा, तेच कळंना बघा," ती म्हणाली, आणि शिरूर आल्यावर गाठोडं उचलून उतरली.